गल्ल्यात आलेला पैसा आणि अडकलेले खाते

गिऱ्हाइकाने पाचशेची नोट पुढे केली की आपण ती उजेडात धरून पाहतो, खरी वाटली की गल्ल्यात टाकतो आणि विषय संपतो. ती नोट त्याला कोणी दिली, देणाऱ्याने ती कोठून आणली, हे आपण विचारीत नाही. विचारले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. मोबाईलवरून येणाऱ्या पैशाची गोष्ट निराळी आहे. तो आपल्या खात्यात येऊन पडला, आपण माल दिला, गिऱ्हाईक घरी गेले, तरी त्या पैशाचा मागचा सारा प्रवास बँकांच्या संगणकांत लिहिलेला राहतो. त्या प्रवासात कोठे चोरी निघाली तर आपल्या खात्यावर टाच येऊ शकते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत आम्हांला हे ठाऊक नव्हते. आता चांगलेच ठाऊक झाले आहे, म्हणून हा मजकूर लिहीत आहोत.

आमचे बोळिंजला कापडाचे दुकान आहे. माल भिवंडी आणि सुरतेहून येतो, थोडा मंगलदास मार्केटमधून. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे बोळिंज, आगाशी आणि सोपाऱ्याची माणसे. कोणाचे लग्न कधी आहे हे आम्हांला आधी माहीत असे. नंतर म्हाडाच्या इमारती झाल्या, खाजगी इमारती झाल्या, विरार स्टेशनपर्यंत वस्ती सलग झाली. अनोळखी गिऱ्हाईक वाढले, उधारी कमी झाली आणि गल्ल्यासमोर क्यूआर कोडची पाटी लागली. पाटी लावल्यावर खोट्या नोटांची आणि सुट्ट्यांची कटकट मिटली, हेही खरे आहे. आम्ही त्या पाटीचे शत्रू नाही.

लग्नसराईच्या दिवसांत एक ओळखीचा मुलगा आला. त्याचे वडील आमचे जुने गिऱ्हाईक. बहिणीच्या लग्नासाठी त्याने ३,२०० रुपयांचे कापड घेतले. मग म्हणाला, "चाचा, दोन हजार रोख द्याल का? एटीएममध्ये पैसे नाहीत. मी सगळे मिळून स्कॅन करतो." आमच्या नोकराने आमच्याकडे पाहिले, आम्ही मान डोलावली. डब्यातून आवाज आला, ५,२०० रुपये मिळाले. बिल मात्र ३,२०० चे झाले. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तोच आमच्या गळ्याशी आला.

नऊ दिवसांनी भिवंडीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला की तुमचा धनादेश परत आला. खात्यात १ लाख ८६ हजार रुपये होते आणि धनादेश ९४ हजारांचा होता. आमची तीस वर्षांची देवाणघेवाण, त्यात धनादेश परत जाण्याची ही पहिली वेळ. कापडाच्या धंद्यात हे काय असते ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. माल महाग-स्वस्त झाला तर चालते, दलाल ते विसरतो. परत आलेला धनादेश तो विसरत नाही, आणि संध्याकाळपर्यंत दहा पेढ्यांवर ही बातमी पोहोचलेली असते.

आम्ही बँकेत गेलो. समोरच्या तरुणाने संगणकात पाहिले आणि म्हणाला, "साहेब, वरून बंद केले आहे." वरून म्हणजे कोठून, हे त्याला सांगता येईना. चार दिवस हेलपाटे घातल्यावर एवढे कळले की दुसऱ्या राज्यातील कोणाची तरी फसवणूक झाली, त्याने तक्रार केली, आणि त्याच्या पैशाचा माग काढीत पोलिसांचे पत्र आमच्या बँकेपर्यंत आले. त्या माणसाचे नाव आम्ही कधी ऐकले नव्हते, त्याच्या गावाला आम्ही कधी गेलो नव्हतो.

आता ही यंत्रणा कशी चालते ते सांगतो. मोबाईलवरून किंवा बँकेतून कोणाचे पैसे लुबाडले गेले तर त्याने १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवावी, अशी सोय आहे. पोर्टल २०१९ पासून आहे आणि पैसे वाटेत अडविण्याची व्यवस्था २०२१ मध्ये त्याला जोडली गेली. तक्रार नोंदली की तिला एक पावती क्रमांक मिळतो आणि तक्रारदाराच्या बँकेला सूचना जाते. ती बँक पाहते की पैसे कोणत्या खात्यात गेले. तो पहिला थर. त्या खात्याची बँक पाहते की तेथून पुढे कोठे गेले. तो दुसरा थर. असे करीत तिसरा, चौथा, पाचवा. ज्या ज्या खात्यात त्या पैशाचा अंश पोहोचला असेल, तेथे तो रोखावा, अशी ही साखळी आहे. आम्ही चौथ्या थरात होतो.

ही व्यवस्था वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची आयुष्याची पुंजी गेली आणि त्याने तासाभरात फोन केला, तर त्यातले काही पैसे वाटेत अडवून परत मिळू शकतात. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच मागितले असते. तक्रार आहे ती रोखण्याच्या पद्धतीविषयी. पैसे रोखण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा. पहिली, फक्त वादातली रक्कम बाजूला ठेवायची आणि बाकीचे खाते चालू ठेवायचे. याला बँकेत 'लियन' म्हणतात. दुसरी, खात्यातून काहीच बाहेर जाऊ द्यायचे नाही. याला 'डेबिट फ्रीझ' म्हणतात. या दुसऱ्या तऱ्हेत पैसे येत राहतात, निघत मात्र नाहीत. आमच्या ५,२०० रुपयांसाठी १ लाख ८६ हजार अडकले, आणि पाटी भिंतीवर तशीच असल्याने पुढचे चार दिवस गिऱ्हाईक आणखी पैसे त्याच विहिरीत टाकीत राहिले. पाटी काढायची अक्कल आम्हांला पाचव्या दिवशी आली.

त्या मुलाला बोलावले. तो घाबरलेला होता, त्याचेही खाते बंद झाले होते. आधी म्हणाला मित्राकडून उसने घेतलेले पैसे होते. वडील समोर बसल्यावर खरे बोलला. क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावण्याचा एक ऑनलाइन खेळ, त्याची लिंक कोणीतरी टेलिग्रामवर पाठविलेली. पाचशे-पाचशे करीत त्याने पुष्कळ घालविले होते, आणि त्या आठवड्यात सात हजार जिंकला. जिंकलेले पैसे खात्यात आले म्हणून त्याला वाटले की कंपनी सच्ची आहे. बहिणीला काही तरी द्यावे म्हणून तो आमच्याकडे आला.

जुगाराविषयी आपल्या वाचकांना आम्ही काही शिकवावे अशी गरज नाही, तो विषय मस्जिदीत आणि घरात बोलला जातो. येथे प्रश्न गल्ल्याचा आहे: जिंकलेला पैसा आमच्यापर्यंत चोरीचा होऊन कसा आला? त्या मुलाच्या मोबाईलवर आम्ही नोंद पाहिली. सात हजार कोणत्याही कंपनीच्या नावाने आलेले नव्हते. एका अनोळखी माणसाच्या साध्या बचत खात्यातून आले होते. येथेच सारी मेख आहे.

परदेशात बसून चालविलेल्या अशा साइटींना आपल्या देशात उघडपणे बँक खाते ठेवता येत नाही. म्हणून त्या भाड्याची खाती वापरतात. गरजू किंवा लोभी माणूस गाठायचा, थोडे पैसे देऊन त्याचे खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड ताब्यात घ्यायचे. खेळणाऱ्याने पैसे भरायचे ते या खात्यात. म्हणून तुम्ही पाहाल की भरताना दर वेळी वेगळेच नाव दिसते, कधी कोणा व्यक्तीचे, कधी किराणा स्टोअरचे. आणि अशीच भाड्याची खाती दुसरे ठकही वापरतात: वीज तोडण्याची धमकी देणारे, पोलीस असल्याचे सांगून घाबरविणारे, शेअर बाजारात दुप्पट करून देणारे. सकाळी कोणाची तरी लुबाडलेली रक्कम त्या खात्यात येते, दुपारी त्यातूनच कोणाला तरी 'जिंकलेले' सात हजार दिले जातात. म्हणजे लुबाडणाऱ्याचे पैसे विखुरतात आणि खेळणाऱ्याचा विश्वास बसतो. एका दगडात दोन पक्षी. मुलाला वाटते आपण जिंकलो. प्रत्यक्षात कोणाच्या तरी घरची चोरी त्याच्या हातून आमच्या गल्ल्यात आली आणि दोन हजारांपुरती तर आम्हीच ती रोखीत बदलून दिली.

काही लोक म्हणतील की असे खेळ आता बंद झाले. कायदा झाला आहे, हे बरोबर. यापूर्वी वर्षानुवर्षे वाद होता की रमी किंवा क्रिकेटचा संघ निवडण्याचा खेळ हा कौशल्याचा की नशिबाचा. कौशल्याचा असेल तर जुगार नाही, असा कंपन्यांचा युक्तिवाद असे, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम११ च्या प्रकरणात तो मानलाही होता. सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळात लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसविला. कापडाला ५ टक्के लावताना आपली कुरकुर चालते, त्यांना २८ टक्के देऊनही जाहिरातींना पैसे उरत होते, यावरून धंद्याचा नफा समजावा. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि अशा खेळांचा पैसा फिरविणाऱ्यालाही शिक्षा, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत मिळून २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारकडून सांगितला गेला.

मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ त्याच महिन्यात थांबविले. त्यांच्यात आणि या परदेशी साइटींत एक फरक होता: देशी कंपनीचे नाव होते, पत्ता होता, तिचे पैसे तिच्याच नावाने येत. त्या बंद झाल्यावर ज्याला सवय लागली आहे तो मुलगा काय करणार? आम्ही ज्याला पाहिले तो टेलिग्रामच्या लिंकवर गेला. कायदा नसावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु भाड्याच्या खात्यांचा बंदोबस्त होत नाही तोवर दुकानदाराचा धोका कमी झाला असे कोणी समजू नये.

आता आमची पुढची हकीकत. बँकेने सांगितले की तुम्ही माल विकला याचा पुरावा द्या, आम्ही तो पोलिसांकडे पाठवू. बिल काढायला संगणक उघडला, तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरने सांगितले की तुमची वर्षाची मुदत संपली आहे, आधी नूतनीकरण करा. आम्ही हे सॉफ्टवेअर वर्षांपूर्वी एकदाच पैसे देऊन विकत घेतले, असे आम्ही समजत होतो. मध्ये कधी तरी ते विकत घेतलेले राहिले नाही, भाड्याचे झाले. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले, अडीच हजारांपर्यंतचे तयार कपडे ५ टक्क्यांत आणि त्यावरचे १८ टक्क्यांत गेले, तेव्हाही दर बदलून देणाऱ्या माणसाने आधी नूतनीकरणाचे पैसे मागितले होते. आमच्या वडिलांची कीर्द आणि खतावणी लाल कापडात बांधून कपाटात ठेवलेली आहे. तिला वाळवीशिवाय कोणाची परवानगी लागत नाही. आमचाच हिशेब, आमच्याच दुकानाचा, आणि तो पाहायला आम्ही तिसऱ्याला पैसे भरले. त्या दिवशी भरले. भांडायला वेळ नव्हता.

बिल निघाले ते ३,२०० चे. पैसे आलेले ५,२००. बँकेतील साहेबाने चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "बाकीचे दोन हजार कशाचे?" आम्ही खरे ते सांगितले. लिहूनही दिले. परंतु रोख देऊन मोबाईलवर पैसे घेणे म्हणजे चोरीचा पैसा धुऊन देण्याची जी नेहमीची रीत आहे, नेमकी तीच आम्ही भलेपणाने केली होती. माल विकलेल्या पैशाला बिलाचा आधार असतो. अशा उपकाराला कसलाच आधार नसतो.

दुसरी अडचण नावाची निघाली. ही अडचण आपल्या समाजात घरोघरी आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. दाखल्यावर नाव उर्दूत, त्याचे इंग्रजी कोणा कारकुनाने केले. शेख हे एकच आडनाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. मोहम्मदचे तर विचारू नका; कोणी पूर्ण लिहितो, कोणी दोन अक्षरांत उरकतो आणि पुढे टिंब देतो. माणसाच्या डोळ्याला ही सारी नावे एकच दिसतात. संगणकाला ती चार माणसे दिसतात. आमच्या आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि बँकेत तिसरे अशी नावे होती; इतकी वर्षे कोणाचे अडले नाही. खाते अडकल्यावर मात्र केवायसी नव्याने करा म्हणाले, आणि यंत्राने तीन वेळा नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत केला. त्यात अकरा दिवस गेले. ज्यांची नावे अशी विखुरलेली असतील त्यांनी संकट येण्याची वाट न पाहता आधार, पॅन, जीएसटी नोंदणी आणि बँक खाते येथे एकच इंग्रजी स्पेलिंग करून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण निवांतपणी होते. खाते बंद असताना तेच काम जीव घेते.

ज्या ॲपवर पैसे आले त्याच्या कंपनीकडेही आम्ही दाद मागितली. तेथे माणूस नाही. एक यंत्र विचारते, एक दाबा, दोन दाबा. मोबाईलवर लिहून विचारले तर ते तयार उत्तर पाठविते आणि शेवटी आपल्यालाच विचारते की आमची सेवा कशी वाटली. आम्हांला याचा फार राग येत असे. नंतर विचार केला तेव्हा कारण कळले. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले, आणि १ जानेवारी २०२० पासून खात्यातून खात्यात होणाऱ्या या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही असा नियम आहे. कार्डावर पूर्वी शेकडा एक-दीड रुपया कापला जाई, येथे काहीच नाही. आपण खूश झालो. परंतु ज्या कामाचे कोणाला काही मिळत नाही, त्या कामाच्या तक्रारी ऐकायला कोणी माणूस बसवीत नाही. २६ मार्च २०२५ ची संध्याकाळ कित्येकांना आठवत असेल. रमजानचा शेवटचा आठवडा, इफ्तार करून लोक ईदच्या खरेदीला निघाले आणि देशभर यूपीआय अडखळले. दुकानात कापलेले कापड गठ्ठ्यांत बांधून पडले होते आणि गिऱ्हाईक मोबाईल हलवीत उभे होते. पैसे गेले म्हणतात, आमच्या डब्याचा आवाज नाही. त्या वेळी कोणाला फोन करावा हे ना आम्हांला माहीत होते, ना गिऱ्हाइकाला. ओळखीच्यांना माल दिला, अनोळखींना परत पाठविले, आणि त्यातले किती परत आले असतील ते आपण जाणताच.

येथे आम्हांला हुंडीची आठवण होते. जुन्या व्यापारात शाहजोग हुंडी असे. तिचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहाच्या हातूनच ती वटे. पैसे देणारा पाहून घेई की समोरचा खरेच शाह आहे ना. पुढे हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर तो शाह रक्कम व्याजासह परत करी, आणि मग आपल्या मागच्याला जाऊन धरी. म्हणजे साखळी तेव्हाही होती. परंतु तिच्या प्रत्येक कडीला नाव आणि पेढी होती, आणि प्रत्येकाला आपल्या मागची कडी दिसत होती. आज साखळी पोलिसांना दिसते, बँकेला दिसते. ज्याचे खाते बंद होते त्या दुकानदाराला मात्र फक्त शेवटची कडी, समोरचे गिऱ्हाईक, दिसते. जबाबदारी जुन्या हुंडीची आणि माहिती काहीच नाही, अशी आपली स्थिती आहे.

न्यायालयांनी याची दखल घेतली आहे, ही दिलाशाची गोष्ट. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटले की पोलिसांनी जेवढ्या रकमेविषयी कळविले आहे तेवढीच रोखावी, पूर्ण खाते बंद करू नये. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे छोले-भटुरे विकणाऱ्या एका गाडीवाल्याचे प्रकरण आले. त्याच्या खात्यात फसवणुकीच्या पैशातले १०५ रुपये आले होते आणि त्यासाठी सारे खाते बंद होते. न्यायालयाने खाते खुले करून फक्त तेवढे १०५ रुपये रोखण्यास सांगितले. हे निकाल हाताशी ठेवण्यासारखे आहेत. आम्ही वकिलाकडून त्यांच्या प्रती काढून बँकेच्या अर्जाला जोडल्या, आणि त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला, असा आमचा अनुभव.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी पहिल्या दिवशी बँकेशी भांडू नये, कागद मागावा. तक्रारीचा पावती क्रमांक, कोणत्या राज्याचे कोणते पोलीस ठाणे, किती रुपये आणि कोणता व्यवहार, म्हणजे त्याचा बारा अंकी क्रमांक, एवढे लेखी घ्यावे. तोंडी माहितीवर चार दिवस फिरण्यात आम्ही वेळ घालविला. मग बिल, मालाची नोंद, कॅमेऱ्यातील चित्र असेल तर ते, हे सर्व त्या पोलीस ठाण्याला ई-मेलने पाठवावे आणि बँकेलाही प्रत द्यावी. अर्जात मागणी एकच असावी: वादातली रक्कम रोखा, बाकीचे खाते चालू करा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही. मात्र पोलिसांनी बंद केलेले खाते लोकपाल उघडून देईल अशी आशा धरू नये, बँकेच्या दिरंगाईविषयीच तक्रार करावी. शेवटचा मार्ग दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करण्याचा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ५०३ खाली येतो. आणि कोणी फोन करून म्हणाला की अमुक पैसे पाठवा, खाते उघडून देतो, तर तो दुसरा ठक समजावा. आम्हांला असे दोन फोन आले.

आमच्या दुकानात आता काही गोष्टी बदलल्या आहेत. क्यूआर कोडचे खाते वेगळे केले आहे. त्यातले पैसे रोज रात्री दुसऱ्या बँकेतील खात्यात जातात आणि भिवंडी-सुरतेचे धनादेश तेथून निघतात. बिलापेक्षा एक रुपयाही जास्त मोबाईलवर घेत नाही. 'स्कॅन करतो, रोख द्या' म्हणणाऱ्याला, तो कोणाचाही मुलगा असो, नाही म्हणतो. सुरुवातीला जड गेले. एका बाईंना दवाखान्यासाठी पैसे हवे होते, त्यांना आम्ही हजार रुपये हातउसने दिले, पण स्कॅन करू दिले नाही. त्यांनी ते चौथ्या दिवशी रोख आणून दिले.

नोकरांनाही बसवून सांगितले की कोणी खाते किंवा सिमकार्ड भाड्याने मागितले तर देऊ नये. त्यातला एक हसला आणि म्हणाला, "शेठ, मला गेल्या वर्षी विचारले होते, महिन्याला पाच हजार देणार होते." आम्ही विचारले, मग? म्हणाला, "आईने नको म्हटले." त्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या एका मुलाने मात्र दिले, आणि त्याच्या घरी दुसऱ्या राज्यातून पोलीस येऊन गेले.

आमचे खाते तेविसाव्या दिवशी खुले झाले. भिवंडीच्या व्यापाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पैसे दिले, चिंचोटी-कामणच्या रस्त्याने, आणि बँकेचे पत्रही दाखविले. त्याने पत्र वाचले, चहा मागविला, पुढच्या मालाचे थान दाखविले. भाव नेहमीचाच सांगितला, मात्र या वेळी रोखीचा. पूर्वी आम्हांला पंचेचाळीस दिवस मिळत. त्या मुलाच्या वडिलांनी दोन हजार रुपये आणून दिले, आम्ही नको म्हणत असताना गल्ल्यावर ठेवून गेले. मुलाचे खाते अजून बंद आहे. आमचे ५,२०० रुपये पासबुकात दिसतात, काढता येत नाहीत.